बॅच 88 चा मेळावा: पहिलीत होती ती मुलं यादीत का नाहीत?

मुळगावची लेक

30 मे 1987 ला गोवा घटकराज्य झालं आणि लगेच जूनमध्ये आम्ही दहावीच्या वर्गात जाऊन बसलो. त्या आमच्या बॅचचा मेळावा डिसेंबरात ठरलाय. ग्रुपवर आठवणींचा पूर आलाय आणि काल त्यात एक लांबलचक मजकूर आला. मूळ कोणाचा ते ठाऊक नाही, पण आमच्यातल्याच एकाने त्यात गोव्याची भर घालून तो पाठवलाय. सारांश असा: आमची शेवटची भाग्यवान पिढी. अनवाणी शाळेत गेलो, मास्तरांचा मार खाल्ला, घरी सांगितलं तर आणखी दोन पडल्या, काजीत (काजूच्या रानात) हिंडलो, तळ्यात पोहलो, गड्डे (गोट्या) आणि कोयंडो-बाल (विटीदांडू) खेळलो, कंदिलावर अभ्यास केला, कधी तक्रार केली नाही आणि तरी घडलो. आजच्या पोरांना सगळं मिळतं आणि काहीच सोसवत नाही. खाली सगळ्यांचे जोडलेले हात आणि बदाम.

उत्तर तिथेच लिहायला घेतलं होतं, ते लांबलं म्हणून इथे टाकते.

काजीत हिंडण्याचंच घ्या. माझ्या बाकावर एक मुलगी बसायची. मार्च लागला की तिची हजेरी तुटायची. आईबाप दुसऱ्याच्या काजीच्या डोंगरावर रोजाने जायचे, तीही जायची. पडलेले बोंडू, म्हणजे काजूची फळं, गोळा करायचे, बी पिळून वेगळी करायची, बोंडू मळायला द्यायचे. परीक्षेला आली की माझं लक्ष तिच्या बोटांवर जायचं. घरी बिया भाजून फोडताना टरफलातलं तेल उडतं, त्याने पेरांवरची कातडी काळी पडून सोलून निघालेली असायची. पेन अंगठ्यात धरवत नसे, म्हणून पहिल्या दोन बोटांत अडकवून ती लिहायची. सहावीत नापास झाली, पुन्हा बसली, पुन्हा नापास झाली आणि मग आलीच नाही. काजीत हिंडल्याच्या गोड आठवणी तिच्या आहेत की आपल्या?

कंदिलाचंही तेच. कंदिलावर अभ्यास झाला हे खरं, पण रॉकेल संपलं की अभ्यास थांबायचा. खाणीचे ट्रक शाळेसमोरून जायचे, सकाळी बाकावर बोट फिरवलं की तांबडी रेघ उमटायची. त्या रस्त्याने आपण रांगेत चालत यायचो आणि आया घरी देवाला हात जोडून बसायच्या. हे त्या मजकुरात कुठेच नाही.

'कधी तक्रार केली नाही' हेही साफ चूक. बसमध्ये विद्यार्थ्यांना अर्धं तिकीट लागायचं ते आपल्याला कोणी आंदण दिलं नव्हतं. आपल्या आधीच्या मुलांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस रस्त्यावर उतरून ते मिळवलं. ती मुलं निमूट सोसत बसली असती तर आपल्यातले कितीतरी चौथीनंतर हायस्कुलात पोचलेच नसते.

आणखी मागे गेलात तर बोलायलाच नको. गोवा मुक्त झाला तेव्हा शंभरातल्या जवळजवळ सत्तर माणसांना लिहितावाचता येत नव्हतं. माझी आई त्या सत्तरातली. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांनी गावोगाव प्राथमिक शाळा काढल्या म्हणून मी आज हे लिहू शकते. आईला तिच्या लहानपणाबद्दल विचारलं की ती भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, अंगणातल्या कामाचं सांगते, खेळाचं नाही.

माझं म्हणणं एवढंच. हा मेळावा दहावीच्या फोटोवरून भरतोय आणि पहिलीत सोबत बसलेल्यांपैकी निम्मे त्या फोटोत नाहीत. जे पोचले तेच एकत्र येणार आणि तेच म्हणणार की आमचं बालपण सोन्याचं होतं. गळालेल्यांना कोणी विचारणार नाही. यादी पहिलीच्या रजिस्टरवरून करा. मुलींना शोधायला जास्त कष्ट पडतील हेही ध्यानात घ्या. लग्नात आपल्याकडे आडनावासोबत पाळण्यातलं नावही बदलतात, त्यामुळे फेसबुकवर त्या सापडायच्या नाहीत, माहेरी जाऊनच विचारावं लागेल. आणि कळंगुटचं रिसॉर्ट सोडा, वर्गणी ऐकूनच अर्धे जण घरी बसतील.

अठ्ठ्याऐंशी

मजकूर मी पाठवला होता, तेव्हा उत्तरही मीच देतो.

बाय, तू लिहिलंस त्यातलं बरंच खरं आहे. पण ते वाचून मला वाईट वाटलं, आणि राग जास्त आला. मे महिन्यापासून रोज संध्याकाळी मी फोन घेऊन बसतोय. कोणाचा नंबर बदललाय, कोण लिस्बनला, कोण कुवेतला, कोण गेल्याचं त्याच्या बायकोकडून कळतंय. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी कोणीतरी आजारी आहे. मला साखर आहे, दोघांच्या बायपास झाल्यात. अशा माणसांनी एक दिवस एकत्र येऊन तळ्यात मारलेल्या उड्या आठवल्या तर कोणाचं काय गेलं? आम्ही इतिहासाचा पेपर लिहीत नव्हतो.

शिवाय तुझ्या लिहिण्यात आनंदाला जागाच नाही. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या सजावटीचं, सामान आणायला आपण रानात जायचो ते आठव. कांगणां, घागऱ्या, कवंडळ, कोणाला कुठे काय मिळतं हे प्रत्येकाचं गुपित असायचं. माझ्या बापाकडे पैसे नव्हते, पण आमची माटोळी वाड्यावर (वस्तीत) सर्वांत भरलेली असायची, कारण सगळं रानातून फुकट यायचं. आज ती बाजारात विकत मिळते आणि माझा मुलगा ऑफिसातून येताना पिशवी घेऊन येतो. काहीतरी गेलंय हे तुला दिसत नाही का? जे गेलं त्याची आठवण काढली म्हणजे ज्यांना त्रास झाला त्यांचा अपमान होतो, हा हिशेब मला पटत नाही.

गरीब आम्हीही होतो. सगळेच होतो. म्हणून तर कोणाला कमीपणा वाटला नाही.

कारापूरकार

अठ्ठ्याऐंशी यांना पूर्ण पाठिंबा. आणि मार खाल्ल्याचा उल्लेख काढायचं काही कारण नाही. गणिताच्या मास्तरांनी वेताची छडी माझ्या हातावर मोडली होती. त्या दिवसापासून पाढे पाठ झाले ते आजही झोपेत म्हणून दाखवतो. मी बँकेत आयुष्य काढलं, एका पैचा फरक कधी आला नाही, त्याचं श्रेय त्या छडीला. आता शिक्षकाने डोळे वटारले तरी आईबाप वकील घेऊन येतात. नातवाचा वर्ग बघून आलो, शिक्षिका बोलतेय आणि पोरं खिडकीबाहेर बघताहेत. पोलिसांचा धाक नाही, शिक्षकांचा नाही, घरच्यांचा नाही. मग रस्त्यावर दुचाक्या उडवतात आणि आपण फोटोला हार घालतो. धाक गेला तिथे सगळं गेलं.

मागचा बाक

कारापूरकारबाब, माझाही एक किस्सा ऐका. सातवीत एका शिक्षकाने कानशिलात लगावली. मी काय केलं होतं तर शेजाऱ्याकडे रबर मागितलं होतं. कानातून पाणी यायला लागलं, आठवडाभर ताप. घरी सांगायची सोय नव्हती, कारण 'घरी आणखी दोन पडायच्या'. म्हापशाच्या डॉक्टरांकडे नेईपर्यंत पडदा गेला होता. त्या बाजूने मला आजही नीट ऐकू येत नाही. मेळाव्यात माझ्या डाव्या बाजूला बसून आठवणी सांगणार असाल तर मला त्या ऐकू येणार नाहीत.

गोव्याच्या बाल कायद्याने 2003 सालीच शाळेतल्या मारावर बंदी आणली, देशाचा शिक्षण हक्क कायदा त्याच्या कितीतरी नंतरचा. मला त्या कायद्याचा अभिमान आहे. तुमचे पाढे छडीने पाठ झाले असतील, माझे छडीविना झाले. ज्या शिक्षकांनी कधी हात उचलला नाही, त्यांचे विषय आपल्याला आले नाहीत का? भूगोलाच्या बाईंनी आयुष्यात कोणाला मारलं नाही आणि भूगोलात वर्गातलं कोणी नापास होत नसे.

कारापूरकार

तुमच्या कानाचं ऐकून खरंच वाईट वाटलं. त्या माणसाने तसं मारायला नको होतं. पण कानशिलात मारणं वेगळं आणि हातावर छडी वेगळी. एकाने अतिरेक केला म्हणून सगळ्या मास्तरांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. त्यांनी स्वतःच्या पगारातून आमच्या वह्या आणल्या होत्या.

खाणीवरचा

पुतण्याने हा धागा दाखवला. मी त्या फोटोत नाही. आठवी झाली आणि खाणीच्या ट्रकावर क्लीनर म्हणून चढलो. पहिलीपासून तुमच्याबरोबर होतो. कोण कोण लिहितंय ते मी ओळखलंय, पण नावं घेत नाही.

मुळगावच्या लेकीने आमची बाजू मांडली त्याबद्दल आभार, पण थोडं ऐका. माझं बालपण वाईट होतं का, हे मला कोणी विचारलं? ते चांगलं होतं. शाळेतली वर्षं हीच माझी सगळ्यात चांगली वर्षं. त्यानंतर पहाटे तीनला उठून बार्जच्या जेटीवर ट्रकांच्या रांगेत पेंगत बसायचो, चाकाखाली दगड लावायचा, काढायचा, परत लावायचा. त्या रांगेत बसून मी तळ्यातल्या उड्याच आठवायचो. तुम्ही कॉलेजात गेलात, तुम्हाला आठवायला पुढचंही खूप होतं. मला तेवढंच होतं. आता तुम्ही म्हणता ते सोनं खोटं. मग माझ्याकडे राहिलं काय?

'गळालेले' लिहिलंय तेही लागलं. मी गळालो नाही. बाप जेटीवर पडला आणि घरात खाणारी तोंडं होती, म्हणून मी कामाला गेलो. दोन बहिणींना दहावी केलं. पुढे कर्ज काढून स्वतःचा ट्रक घेतला. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या आणि ट्रक अंगणात ताडपत्रीखाली उभा राहिला. हप्ते काही थांबले नाहीत. त्यावर तुमच्यातल्या शिकलेल्यांनी पेपरात पानं भरून लिहिलं की पर्यावरण वाचलं. वाचलं असेल. आमच्या शिरगावच्या बाजूच्या झरी खाणीने आटवल्या हे मी डोळ्यांनी बघितलंय, खाण चांगली असं मी म्हणणार नाही. पण एका रात्रीत ज्यांची चूल विझली त्यांना विचारायला तेव्हाही कोणी आलं नव्हतं.

मेळाव्याला बोलावलंत तर येईन. 'बिचारा शाळा सोडलेला' म्हणून स्टेजवर बोलावून शाल द्यायची असेल तर नको.

मुळगावची लेक

'गळालेले' हा शब्द लागला असेल, तर 'ज्यांना शाळा सोडावी लागली' असं वाचा. शाल कोणी देणार नाही, मी देऊ देणार नाही. पण तुम्ही जे सांगितलंत ते माझ्याच बाजूचं आहे. तुमची आठवण सोन्याची आहे कारण पुढे शाळाच तुमच्याकडून काढून घेतली गेली. त्या मजकुरात हा 'पुढे' कुठेच येत नाही. तो लिहिणारा म्हणतो, सोसलं म्हणून घडलो. तुम्ही घडलात ते सोसूनही, आणि त्याची किंमत तुम्ही भरलीत.

निवृत्त बाई

मी तुमची कोणाची वर्गशिक्षिका नव्हे, पण डिचोली तालुक्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांत माझी नोकरी झाली. पहिलीचं रजिस्टर आणायचं म्हणता, ते आणणार कुठून? तुमच्यातले अनेक जण ज्या शाळेत पाटी घेऊन आले, ती शाळा आता बंद आहे. पटावर मुलं उरली नाहीत. मी शेवटी शिकवत होते तिथे चार वर्ग आणि मी एकटी. एका भिंतीला पहिली-दुसरी, समोरच्या भिंतीला तिसरी-चौथी. पहिलीला अक्षरं गिरवायला लावायची, तोवर चौथीचा भागाकार. मध्येच तांदूळ-डाळीचा हिशेब, मध्येच जनगणना, मध्येच निवडणुकीची ड्यूटी.

आणि ती मुलं गेली कुठे? तुमच्याच घरातून ती पिवळ्या बसमध्ये चढून इंग्रजी शाळेत गेली. 1990 मध्ये सरकारने ठरवलं की प्राथमिकला अनुदान मातृभाषेतल्या शाळांनाच मिळेल. तेव्हा तुम्ही पदरचे पैसे मोजून विनाअनुदानित इंग्रजी शाळा धरलीत. 2011 मध्ये इंग्रजीलाही अनुदान द्यायचं ठरलं आणि उरलीसुरली मुलंही निघाली. आता तुम्ही मेळाव्यात 'आमची मराठी शाळा' म्हणून डोळे पुसणार. त्या शाळेचं छप्पर गळत होतं तेव्हा मी पालकांच्या दारोदार फिरले. एका वर्षी तर मुलांच्या डोक्यावर पाणी पडू नये म्हणून बाक रोज सरकवत होते. दारात सगळे चहा देत, पण मूल देत नसत. मला या विषयावर शांतपणे बोलता येत नाही, बोलणारही नाही.

दुबईत बसलेला

बाई, आदर राखून विचारतो, आम्ही मुलांना मराठी शाळेत का घातलं नाही हे कोणी कधी विचारलंत का?

मी सांगतो. चौथीपर्यंत मराठी. वर्गात पहिला नंबर. पाचवीला हायस्कुलात गेलो आणि पहिल्या तासाला शिक्षक इंग्रजीत बोलायला लागले. विज्ञान इंग्रजीत, गणित इंग्रजीत, समाजशास्त्र इंग्रजीत. मला एबीसीडी येत होती, बस. शेजारी कॉन्व्हेंटातून आलेला मुलगा हात वर करून फडाफडा उत्तरं देत होता आणि मी पहिला नंबरवाला मान खाली घालून बसलो होतो. पहिल्या घटक चाचणीत शंभरात अकरा. घरी प्रगतिपुस्तकावर सही कोण करणार, बापाला तर मराठीही अडखळत वाचता यायचं.

पाचवी-सहावीत आपला निम्मा वर्ग नापास झाला तो आळसाने नव्हे आणि काजीनेही नव्हे. या एका खड्ड्यात झाला. आम्ही पाठांतरावर वर आलो, अर्थ कळायला अकरावी लागली. मग माझ्या मुलीला त्याच खड्ड्यात ढकलायचं होतं का? मराठीवर माझं प्रेम आहे, इथे बसून रोज मराठी पेपर वाचतो. पण प्रेमापायी लेकरू बुडवायची माझी तयारी नव्हती आणि आजही मला त्याचा पश्चात्ताप नाही.

मयेकार

दोघंही अर्धं बोलताहात. खड्डा पाचवीत नव्हता, पहिलीत होता. घरी आपण सगळे कोंकणी बोलायचो. पहिलीत बाईंनी काही विचारलं, मी घरच्या भाषेत उत्तर दिलं तर मला कोपऱ्यात उभं केलं. सहा वर्षांच्या पोराला वाटलं की आपण घरी बोलतो ती भाषा म्हणजे काहीतरी चूक. एक भाषा घरची, दुसरी पहिलीत, तिसरी पाचवीत. पोर टिकलंच तर नवल.

आणि गरिबीत सगळे सारखे होते असं वर कोणीतरी लिहिलंय, ते मयेत येऊन सांगा. आमच्या पायाखालची जमीन आमची नव्हती. पोर्तुगीज गेले, जमीनमालक गेले आणि अख्खा गाव कस्टोडियनच्या, म्हणजे मालक सोडून गेलेल्या जमिनी सांभाळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या, ताब्यात. इतरांना 1964 चा कूळ कायदा मिळाला, दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधून राहणाऱ्यांसाठीचा 1975 चा मुंडकार कायदा मिळाला. आम्ही घराचं कौल बदलायचं म्हटलं तरी कोणाची परवानगी घ्यायची तेच कळत नव्हतं. आमच्यासाठीचा कायदा आला 2014 साली. माझा आजा त्याआधी गेला, बापही गेला.

निवृत्त बाई

मयेकार, जमिनीचं तुमचं दुःख खरं आहे. पण मराठीला घरात उपरी ठरवू नका. तुमच्या देवळातली आरती कुठल्या भाषेत होती? भजन? जत्रेतलं नाटक? मूल शाळेत यायच्या आधी मांडवात आईच्या मांडीवर बसून मराठी ऐकून आलेलं असे. आणि दुसरी बाजूही सांगते, कारण ती मी वर्गात जगले. मी स्वतः पहिलीच्या मुलांशी आधी कोंकणीत बोलायचे, दिवाळीपर्यंत मराठीवर आणायचे. चांगल्या शिक्षिका तेच करायच्या. तुम्हाला उभं केलं ते शिक्षिकेचं चुकलं, भाषेचं नाही.

मयेकार

हेच आम्ही 1986 मध्ये, कोंकणी की मराठी राजभाषा या आंदोलनात, सांगत होतो तेव्हा आम्हाला मराठीचे शत्रू ठरवलं गेलं.

कारापूरकार

1986 काढू नका! रस्त्यात झाडं कापून टाकली होती, माणसं मेली. आपण नववीत होतो आणि ज्यांच्याबरोबर डबा खात होतो त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. माझा एक जिवलग त्यात तुटला तो आजतागायत. तुम्ही त्याच बाजूचे होता ना?

मयेकार

होतो. आणि आजही आहे. मराठी वाचतो, मराठीत लिहितो आणि कोंकणीच्या बाजूचा आहे. हे तुमच्या डोक्यात चाळीस वर्षांत शिरलं नाही त्याला मी काय करू?

अठ्ठ्याऐंशी

थांबवा हे. मेळाव्याचा धागा आहे. कोंकणीला राजभाषा करणारा कायदा 1987 च्या फेब्रुवारीत झाला, विषय विधानसभेने संपवलाय. मेळाव्यात हा विषय निघाला तर मी स्वतः माईक बंद करीन.

नव्वदनंतरची

मी तुमच्यातल्या एकाची मुलगी, कोणाची ते सांगत नाही. तुमचा तो मजकूर बाबा मला महिन्यातून एकदा तरी पाठवतात, म्हणून लिहिते.

तुम्ही म्हणता आजची पोरं तळ्यात पोहत नाहीत, रानात जात नाहीत. आम्ही जाणार कुठे? ज्या शेतात तुम्ही कोयंडो-बाल खेळलात तिथे भराव टाकून बंगले उभे राहिले. ती शेतं आम्ही विकली नाहीत, आम्ही तेव्हा शाळेत होतो. मी आईला विचारलं होतं तळ्यावर जाऊ का, तर ती म्हणाली मुलगी आहेस, कोण कुठली माणसं येतात तिथे. बाबा त्या वेळी समोर होते, काही बोलले नाहीत. मग मी घरात बसले आणि फोन घेतला, तर आता फोनवरून बोलणी.

आणि आम्हाला काही सोसवत नाही हे बाबांनी तरी म्हणू नये. कोविडच्या वर्षी कॉलेजची परीक्षा मी डोंगरावर चढून, रेंज पकडून, छत्री धरून दिली. सत्तरी, सांगे तालुक्यांतल्या कितीतरी मुलांनी तेच केलं. मी त्याचा मजकूर करून फिरवत नाही, कारण माझ्या भाचीने तसं शिकावं असं मला वाटत नाही.

दुबईत बसलेला

शेतं विकली ती हौसेने नव्हे. तीन भावांत वाटणी झाली की नांगर वळत नाही. बाहेरच्याने दिलेल्या पैशात तुमचीच कॉलेजं झाली.

नव्वदनंतरची

झाली, ते मी नाकारत नाही. मग तळ्याचं बोलणं आमच्या माथी मारू नका.

मागचा बाक

मुलगी बरोबर बोलतेय. तिच्या वयात मोठ्यांपुढे एवढं बोलायची माझी छाती झाली असती तर माझा कान वाचला असता.

अठ्ठ्याऐंशी

सगळं वाचलं. काही गोष्टी सांगतो, पण याला माघार समजू नका.

मजकूर मी ग्रुपवरून काढणार नाही. मला तो आवडतो, अर्ध्या लोकांना आवडला. मात्र मेळाव्यात वाचून दाखवायचा ठरला होता, तो आता वाचणार नाही. खाणीवरचा कोण ते मला कळलंय. आठवीतल्या क्रीडा महोत्सवात माझ्यासोबत रिले पळाला होता, बॅटन त्याच्याच हातात होतं. त्याला फोन करायचं मला इतक्या दिवसांत सुचलं नाही, कारण माझ्यासमोर फक्त दहावीची निकालाची यादी होती. त्या यादीत नाही तो बॅचमध्ये नाही, असं मी धरून चाललो. तुम्ही सगळे मिळून मला धारेवर धरलंत, तेवढी गरज नव्हती, एका फोनवर सांगितलं असतं तरी ऐकलं असतं.

यादी वाढवू. पण शंभर माणसं झाली तर रिसॉर्टचा खर्च झेपणार नाही आणि दिलेली आगाऊ रक्कम परत मिळणार नाही असं ते म्हणताहेत. कोणाचं काय म्हणणं?

निवृत्त बाई

बंद शाळेची रजिस्टरं जवळच्या चालू शाळेत ठेवलेली असतात. तिथल्या मुख्याध्यापिका माझ्या हाताखाली होत्या. भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज मी लिहून देते, तुमच्यापैकी कोणीतरी सही करून नेऊन द्या. 1978 च्या जूनचे प्रवेश बघायचे. जन्मतारखा बऱ्याच चुकीच्या असतील, मास्तर अंदाजाने लिहायचे, त्यावर जाऊ नका. बापाचं नाव आणि वाडा बघा.

मुळगावची लेक

अर्ज मी नेते. मुलींच्या माहेरी मी आणि आणखी दोघीजणी जाऊ, पुरुषांनी फोन केले तर सासरी शंभर प्रश्न विचारतील.

आगाऊ रक्कम बुडू द्या. ज्यांना परवडते त्यांनी ती सोसावी, मी माझा वाटा सोडला. हायस्कूलचं सभागृह घ्या. जेवण आपल्याच वाड्यावरच्या बायकांच्या गटाकडून, खतखतें, सोलकढी, भात आणि मासे खाणाऱ्यांना हुमण. वर्गणी ज्याला जमेल ती डब्यात टाकायची, कोणी किती टाकले ते लिहायचं नाही.

कारापूरकार

हिशेब लिहायचा नाही म्हणता? हे मला मान्य नाही. नावं लिहू नका, पण एकूण रक्कम लिहिलीच पाहिजे, ते काम मी करतो. आणि मास्तरांच्या घरच्यांनाही बोलवा, त्यांचा मुलगा साखळीला असतो. त्याच्यासमोर छडीवरून कोणी वेडंवाकडं बोललं तर मी उठून उत्तर देणार, आधीच सांगून ठेवतो.

मागचा बाक

मुलाला बोलवा. मला काय झालं ते मी सांगणार, तो समोर असला तरी. माझ्या कानावर ज्याने हात टाकला ते त्याचे वडील नव्हते.

खाणीवरचा

ट्रक अजून चालतो. खुर्च्या, मांडवाचं सामान आणायचं असेल तर सांगा. डिझेलचे पैसे घेईन.